तळमजल्याची सोडत

पोलीस खात्यातली बहुतेक प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुणाचा चेहरा कुणाला चिकटतो, किनवटची घटना औशाला जाऊन बसते. पण नांदेडच्या त्या सोडतीचं प्रकरण तेवढं जसंच्या तसं उभं राहतं. त्यात मारामारी नव्हती, चोरी नव्हती, कुणी फरार नव्हतं. गुन्हाही शेवटपर्यंत दाखल झाला नाही. तरी निवृत्तीनंतर लातूरला घरी बसल्यावर मला सगळ्यात जास्त वेळा आठवलं ते हेच.

त्यातली माणसं आजही त्याच इमारतीत राहतात, म्हणून नावं लिहीत नाही. एका घरातली एक खाजगी गोष्ट सांगितल्याशिवाय हे प्रकरण सांगता येत नाही. ती त्या मायलेकींना विचारून लिहितो आहे.

मी तेव्हा नांदेड शहरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी झाली होती, रात्रपाळीचे अंमलदार घरी निघाले होते. ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोरच्या बाकड्यावर एक एसटी कंडक्टर बसला होता. अंगावर गणवेश, खांद्याला तिकिटाच्या यंत्राची पिशवी. माझा अनुभव असा की तक्रार घेऊन आलेला माणूस थेट टेबलाशी येतो. मनात शंका घेऊन आलेला बाकड्याच्या टोकाला बसतो आणि आधी पाणी कुठं आहे ते विचारतो. हा टोकाला बसला होता. मी त्याला आत बोलावलं.

त्यानं सांगितलं ते असं. लातूर रोडला चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्यांची एक गृहनिर्माण संस्था होती. दवाखान्यातले वॉर्डबॉय, महापालिकेचे सफाई कामगार, कचेऱ्यांतले शिपाई, एसटीतले काही जण असे सभासद. कर्ज काढून इमारत उभी राहिली, तळमजला आणि वर तीन मजले. लिफ्टसाठी जागा सोडलेली होती, लिफ्ट नव्हती. त्यामुळे तळमजल्यावरची सहा घरं ज्याला त्याला हवी होती. दुसऱ्या एका संस्थेत चिठ्ठ्या टाकून घरं वाटली होती, तेव्हा कुणाची चिठ्ठी घडी वेगळी करून ठेवली यावरून डोकी फुटली होती. तसं नको म्हणून इथं सोडत संगणकावर काढायचं ठरलं.

संगणकाचं काम एका सभासदाच्याच मुलीनं केलं होतं. वडील सरकारी दवाखान्यात वॉर्डबॉय, आई पूर्वी किनवटकडे एका वसतिगृहात स्वयंपाकाला. मुलगी विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकून इंजिनिअर झाली आणि पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून करत होती. तिनं ब्लॉकचेनवर एक करार लिहून टाकला. तो एकदा टाकला की अध्यक्षालाच काय, तिला स्वतःलाही बदलता येत नाही, असं तिनं सगळ्यांना समजावलं होतं. मंगल कार्यालयात कार्यक्रम झाला, पडद्यावर एकेक घर आणि एकेक नाव येत गेलं, टाळ्या पडल्या. कंडक्टरला तिसरा मजला लागला.

"कुणी पैसे खाल्ले असा संशय आहे का?" मी विचारलं.

"न्हाई साहेब. तसं मी बोलणार न्हाई. पोरगी सोन्यासारखी हाय, आमच्याच गल्लीत वाढली."

"मग अडचण काय आहे?"

त्यानं खांद्यावरची पिशवी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "खाली ज्यांना घर भेटलं त्यांच्यात एक बी धडधाकट माणूस न्हाई. एक म्हातारी हाय गुडघ्याची, एक पोलिओचा हाय, एकाचं लेकरू चाकाच्या खुर्चीत हाय. ज्याला पायजे व्हतं त्यालाच बरोबर लागलं. मी रोज गाडी भरतो साहेब. नांदेडहून लातूरपत्तोर उभ्यानं जाणारे म्हातारे बघतो अन् खिडकीला पाय पसरून बसलेले पोट्टे बघतो. नशीब असं शहाण्यावानी वागत न्हाई."

निकाल चांगला लागला म्हणून ठाण्यात आलेला हा माझ्या नोकरीतला पहिलाच माणूस. मी त्याला विचारलं, चांगल्यांचं चांगलं झालं तर तुझं काय बिघडलं? त्यावर त्यानं मान खाली घातली, माझी ड्युटी आहे म्हणाला आणि उठला. लेखी द्यायला तयार नव्हता. पण उठताना ज्या तऱ्हेनं त्यानं पिशवी खांद्यावर घेतली त्यावरून मला कळलं, हा माणूस जळफळाटानं आलेला नाही. काहीतरी जड घेऊन आला आणि ते तसंच परत घेऊन चालला.

स्टेशन डायरीत नोंद करून मी प्राथमिक चौकशी सुरू केली. संस्थेच्या अध्यक्षांना बोलावलं. निवृत्त शिपाई, बोलायला मोकळा माणूस. सोडतीचं नाव काढताच खूश झाला. आमच्या पोरीनं सगळ्या नांदेडात झालं नाही ते करून दाखवलं म्हणाला, आणि लग्नाचं शूटिंग करणाऱ्याकडून काढून घेतलेला अख्खा कार्यक्रम मला पेनड्राइव्हवर देऊन गेला. तिच्या वडिलांना कितवा मजला लागला हे मी त्याला सहज विचारलं. तोही तिसरा. इथं माझा पहिला तर्क मोडला. हात मारणारा माणूस आधी आपल्या बापाचं बघतो.

दोन-तीन दिवसांनी जबाब लिहून घ्यायच्या निमित्तानं मी साध्या कपड्यांत कंडक्टरच्या भाड्याच्या घरी गेलो. तो ड्युटीवर होता. बायको होती आणि पंचविशीच्या आतबाहेरची मुलगी. मुलगी बाहेरच्या खोलीत गल्लीतल्या लहान मुलांची शिकवणी घेत होती, मला नमस्कार करून पुन्हा पाढ्यांकडे वळली. आत खुर्चीवर बसलो आणि सवयीनं खोली न्याहाळली. पलंगाचे पाय कापून तो जमिनीला टेकवला होता. टेबलाच्या चारही कोपऱ्यांना जुन्या साडीच्या पट्ट्या गुंडाळल्या होत्या. भिंतीतल्या कपाटाच्या कडेला सुद्धा कापड होतं. रांगतं मूल असलेल्या घरात असं करतात, पण या घरात रांगतं मूल नव्हतं. मुलीच्या भुवईवर टाक्यांची खूण मी दारातच पाहिली होती.

बाई चहा घेऊन आली, माझी नजर कुठं आहे ते तिनं पाहिलं आणि कप ठेवून समोर उभी राहिली. मग हळू आवाजात, बाहेर जाणार नाही असं बोलली. मुलीला लहानपणापासून फिट येतात. औषध चालू आहे, महिनोन् महिने काही होत नाही, मग एखाद्या दिवशी अचानक होतं. जुन्या घराच्या जिन्यावर दोनदा पडली. शिकवणी हाच तिचा जीव, आणि लोकांना कळलं तर कोणी लेकरू पाठवणार नाही. म्हणून गल्लीत कुणालाच सांगितलेलं नाही. तळमजल्यासाठी घरातल्या सगळ्यांनी देव पाण्यात घातले होते.

"साहेब, तुम्ही जे बघितलं ते इथंच ठेवून जा," ती म्हणाली.

मी हो म्हणालो. जबाब न घेताच निघालो.

आता सोडत खरी होती की नाही हे कळणं मला फार गरजेचं वाटू लागलं. पण ब्लॉकचेन म्हणजे काय हेच मला धड माहीत नव्हतं. जिल्ह्याच्या सायबर शाखेत एक तरुण महिला अंमलदार होती, तिला बोलावून घेतलं. तिनं समोर बसून मला समजेल असं सांगितलं, आणि मी समजलो तसं इथं लिहितो.

ब्लॉकचेन म्हणजे जगभरातल्या हजारो संगणकांवर एकाच वेळी लिहिली जाणारी वही. दर काही सेकंदांनी तिला एक नवं पान लागतं. मागचं पान कुणाला खोडता येत नाही. त्या वहीत करार लिहिता येतो, आणि तो आपोआप चालतो. इथवर मुलीनं लोकांना सांगितलेलं सगळं खरं होतं. ग्यानबाची मेख पुढं होती. सोडत काढायची तर नशिबाचा आकडा लागतो. आणि या वहीत नशिबाचा आकडा पडतच नाही. कारण सगळ्या संगणकांचं उत्तर एकच यावं लागतं. प्रत्येकानं आपापला फासा टाकला तर प्रत्येकाचं दान वेगळं पडेल आणि वहीचा मेळ बसणार नाही. म्हणून करार लिहिणारे बरेच जण सोपी वाट धरतात. मागच्या पानावर जो लांबलचक खुणेचा आकडा असतो, त्यातूनच नशिबाचा आकडा काढतात. तो आकडा वेडावाकडा दिसतो, कुणी आधी ठरवलेला नसतो.

"मग वाईट काय त्यात?" मी विचारलं.

"सर, तो सगळ्यांना दिसतो," ती म्हणाली. "चिठ्ठी उचलणाऱ्याला चिठ्ठीचा कागद आरपार दिसत असेल तर काय होईल? आवडती चिठ्ठी समोर येईपर्यंत तो हातच घालणार नाही."

म्हणजे करार न बदलता सोडत वळवता येत होती. प्रश्न एवढाच होता की कुणी वळवली का.

त्या दुपारी मी ठाण्यातल्या माझ्या खोलीत कार्यक्रमाचं शूटिंग बघायला बसलो. मंडपाची झालर, अध्यक्षांचं भाषण, पाहुण्यांचे हार. मग स्टेजच्या कडेला ती मुलगी लॅपटॉप घेऊन बसलेली. सुरुवात तळमजल्यापासून केली होती, आणि तिथंच कार्यक्रम रेंगाळला. बटण दाबलं की पडदा नुसताच गोल गोल फिरत राहायचा. अध्यक्ष माइकवरून म्हणायचे, यंत्र विचार करून राहिलं, तोवर एक किस्सा ऐका. किस्सा संपत आला की नाव यायचं. सहाही घरांना असंच झालं. पहिला मजला सुरू झाला आणि मग भराभरा चाललं, बटण, नाव, टाळ्या, पुढचं घर. तळमजल्याशिवाय एकाही घराला किस्सा सांगावा लागला नव्हता.

आणखी एक गोष्ट दिसली. पहिल्या दोन मजल्यांना मुळात एकही म्हातारा किंवा अपंग माणूस लागला नव्हता, तिसऱ्यालाही नाही. म्हणजे ज्यांना खाली पाहिजे होतं ते सगळे आधीच खाली लागून गेले होते. वर कुणाचंही नाव आलं तरी चालणार होतं, म्हणून तिथं थांबावं लागलं नाही. खाली मात्र पाहिजे तेच नाव यायला वेळ लागत होता.

मी सायबरच्या अंमलदाराला सांगितलं, या वेळेच्या आसपास वहीत काय काय लिहिलं गेलं ते काढ. तिनं दुसऱ्याच दिवशी सांगितलं. मुलीचं बटण सरळ करारापर्यंत जात नव्हतं. मधे तिनंच लिहिलेला संगणकाचा एक छोटा प्रोग्राम बसलेला होता. तो दर पानाला आधी बघायचा, आता सोडत काढली तर कुणाचं नाव येईल. नको असलेलं नाव असेल तर काहीच न करता मागं फिरायचा आणि पुढच्या पानाला पुन्हा यायचा. पण मागं फिरल्याची खूण वहीत राहते. अशा खुणा तळमजल्याच्या वेळेला पुष्कळ होत्या.

मुलीला ठाण्यात बोलावलं ते दिवसाढवळ्या, वडिलांसोबत. खोलीत सायबरची अंमलदार होती. वडील बाहेर बाकड्यावर बसले, मांडीवर पोरीचा जेवणाचा डबा. ती दवाखान्याच्या रांगेत बसावं तशी निमूट बसली होती. मी कराराबद्दल विचारलं. तिनं शांतपणे उत्तर दिलं.

"सर, तो करार एकदा टाकला की मलाही बदलता येत नाही. तुम्ही कुणाही जाणकाराला विचारा."

चौकशीत एक गोष्ट मी शिकलो होतो. मुळात सरळ असलेला माणूस काही लपवतो तेव्हा तो खोटं बोलत नाही, खऱ्यातलं सोयीचं वाक्य निवडून बोलतो. अशाला यंत्राबद्दल विचारून उपयोग नसतो. मी संगणकाचा विषयच सोडला आणि तळमजल्यावरच्या माणसांबद्दल विचारायला लागलो. ही आजी कोण?

तिचा चेहरा उजळला. आजी म्हणजे दवाखान्यातली सफाई कामगार. आई किनवटला असायची तेव्हा हिला सांभाळणारी. आता दोन पायऱ्या चढली तरी गुडघ्यांचा आवाज येतो, असं सांगताना ती स्वतःच हसली. पोलिओचे काका? ते तहसीलला शिपाई होते, आपल्या तीनचाकीवर पुढं बसवून हिला शाळेत सोडायचे, सगळ्या गल्लीत पेन्सिलीला टोक त्यांच्यासारखं कुणी करत नाही. चाकाच्या खुर्चीतल्या मुलाला कुठलं गाणं लावलं की तो टाळ्या वाजवतो तेही तिला ठाऊक होतं. एकाला दमा, एकाची बायपास, एक बाळंतपणात कमरेतून गेलेली. सहाही घरांची दुखणी तिला तोंडपाठ होती. एवढ्या मायेनं साक्ष देणारं माणूस मी ठाण्यात क्वचित पाहिलं.

"आणि तुझे पप्पा तिसऱ्या मजल्यावर," मी म्हणालो.

"पप्पांना काय होतंय सर, ते अजून गॅसची टाकी खांद्यावर..." ती बोलता बोलता थांबली. मी शूटिंग लावलं, आवाज बंद करून. पडदा गोल गोल फिरत होता, अध्यक्षांचे हात हलत होते.

"बेटा, इथं यंत्राला वेळ का लागतो?"

तिनं पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी काहीच बदललं नाही सर. फक्त थांबले. त्यांचं नाव येईपर्यंत थांबले."

रडली नाही. उलट तिनं मलाच विचारलं की यात कुणाचं काय चोरलं. आजीनं आयुष्यभर दुसऱ्यांचे जिने झाडले, तिनं आता जिना चढावा का? सभेत तळमजला मागायला यातल्या कुणाची जीभ उचलली नसती. म्हणून तिनं परस्पर केलं. तिच्या जागी मी असतो तर मला मोह झाला नसता असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. बाजूला बसलेली अंमलदारही खाली बघत होती.

"अजून एक घर होतं," मी म्हणालो. "त्यांनाही खालचा मजला पाहिजे होता. या सहा जणांइतकाच."

"कोण?"

"ते मी सांगणार नाही. त्यांनी कुणालाच कळू दिलेलं नाही."

ती इंजिनिअर होती. मला पुढं काही बोलावं लागलं नाही. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मला दिसला.

"म्हणजे त्यांचं नाव आलं असेल," ती म्हणाली. "आलं असेल, आणि मी ते जाऊ दिलं असेल."

मी अंमलदाराकडे पाहिलं. मागं फिरलेल्या खुणांवरून कोणतं नाव कधी आलं होतं हे काढता येतं, हे तिनं मला आदल्या दिवशीच सांगितलं होतं, आणि मी तिला एका नावापुरतं बघायला लावलं होतं. ते नाव तळमजल्याच्या तिसऱ्या घराला आलं होतं. खऱ्या नशिबानं त्या माउलीचं म्हणणं ऐकलं होतं. मुलीच्या दयेनं ते परत पाठवलं.

मी हे तिला सांगितलं नाही. पण तिनं घरी जाऊन स्वतःच हिशेब लावला असणार, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा आली. डोळे सुजलेले. "सोडून दिलेली सगळी नावं मला दिसली सर. ती सगळी माझ्या ओळखीचीच माणसं आहेत. यातलं कोणतं ते सांगा, मी त्यांच्या पाया पडते." मी नाही म्हणालो. तेवढं एक वाक्य बोलणं मला तिथं जड गेलं.

कायद्याच्या बाजूनं सांगायचं तर तिनं स्वतःचा फायदा केला नव्हता, कुणाकडून काही घेतलं नव्हतं. मी माझा अहवाल वरिष्ठांना पाठवला, सहकार खात्यालाही कळवलं. सोडत रद्द करून संस्थेनं सर्वसाधारण सभेत निर्णय घ्यावा असं ठरलं. बंदोबस्त म्हणून मी स्वतः गेलो, बंदोबस्ताची गरज पडेल असं वाटत होतं म्हणून.

समाजमंदिरात सगळे जमले. मुलगी पुढं उभी राहिली आणि काय केलं ते सरळ सांगितलं. ज्यांची नावं आली होती आणि आपण जाऊ दिली, त्या सगळ्यांची तिनं माफी मागितली. कुजबुज झाली, एकदोघे चिडून उठले. तेवढ्यात मागून ती गुडघ्यांची आजी उठली.

"मला खालचं घर लागलं म्हणून मी गल्लीत साखर वाटली," ती म्हणाली. "जन्मात कदी माजं नाव कुठं निघालं न्हाई. वाटलं, एकदा तरी निघालं. ते बी खोटंच व्हतं व्हय, बाई?"

मुलगी हुंदके देऊन रडायला लागली. ठाण्यात रडली नव्हती ती इथं रडली. आजी भिंतीला धरत धरत पुढं आली, तिला जवळ घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "नशिबानं न्हाई काढलं तर हिनं काढलं. माज्यासाठी लेकीनं काढलं ते बी काय कमी न्हाई. पर आता खरी चिठ्ठी टाका."

त्यानंतर सभा शहाण्यासारखी चालली. ज्यांना आपली अडचण सगळ्यांसमोर सांगायला हरकत नाही त्यांना खालची घरं सोडतीशिवाय, ठरावानं द्यायची असं ठरलं. पोलिओच्या काकांनी हात वर केला, खुर्चीतल्या मुलाच्या बापानं केला. आजी मागणार नाही म्हणून हटून बसली. तिच्या गुडघ्यांचा आवाज सगळ्यांनी ऐकलेला होता, त्यामुळे तिचं नाव तिला न विचारताच ठरावात घातलं. दम्याच्या आणि बायपासच्या माणसांनी सांगितलं, थांबत थांबत आम्ही चढतो, आमचं सोडतीतच राहू द्या. कमरेतून गेलेल्या बाईच्या नवऱ्यानंही हात वर केला. उरली दोन घरं. कंडक्टर आणि त्याची बायको कोपऱ्यात बसली होती. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. त्यांचा हात वर गेला नाही.

दुसरी सोडत विष्णुपुरीच्या एका प्राध्यापकांनी तपासली. या वेळी नशिबाचा आकडा वहीतून घ्यायचा नव्हता. प्रत्येक घरानं आपल्या मनातला एक आकडा मोबाइलवरून आधी झाकून टाकायचा. सगळ्यांचे पडले की एकदम उघडायचे आणि बेरीज करायची. त्या बेरजेतून नाव निघायचं. आपला आकडा उघडायला जो मागं हटेल त्याचा नंबर शेवटी. एक जरी माणूस आपला आकडा मनात ठेवू शकला तरी बाकीच्या सगळ्यांनी मिळूनही सोडत वळवता येत नाही, असं मुलीनं समजावून सांगितलं. या खेपेस तिनं बटणाला हातसुद्धा लावला नाही. आजीनं दाबलं.

तळमजल्याचं एक घर कचेरीतल्या एका शिपायाला लागलं. दुसरं लागलं मुलीच्या वडिलांना. कंडक्टरला दुसरा मजला आला. तो मला बाहेर भेटला तेव्हा म्हणाला, "चालतंय साहेब. आता जे भेटलं ते आमचं हाय." त्याची बायको चपला शोधत होती, बराच वेळ शोधत होती.

मी मोटारसायकल काढत होतो तोच आत माइक पुन्हा सुरू झाला. मुलीचे वडील बोलत होते. सभेत बोलायची सवय नसलेला माणूस, थांबत थांबत बोलत होता. माझ्या घरात कुणाला जिन्याचा त्रास नाही, म्हणाला. ज्याला कुणाला खालचं घर पाहिजे असेल त्यानं माझ्याशी बदलून घ्यावं. येऊन नुसतं बदलायचं म्हणा, कारण मी विचारणार नाही, माझ्या घरातलं कुणी विचारणार नाही. हे त्याचं त्यालाच सुचलं होतं की लेकीनं सुचवलं हे मी कधी विचारलं नाही.

बरेच दिवस कुणी गेलं नाही. मग एका दुपारी कंडक्टरची बायको त्यांच्या दारात गेली. हे मला नंतर मुलीच्या आईनं सांगितलं. घर बदलायचं एवढंच म्हणाली. आई बरं म्हणाली, कारण विचारलं नाही, चहा टाकला. चहा पिऊन झाला तरी ती उठेना. आणि मग न विचारता तिनं सगळं सांगितलं, पहिल्या फिटपासून. ती किती वर्षांनी हे दुसऱ्या बाईशी बोलत होती कोण जाणे. मुलगी आतल्या खोलीतून ऐकत होती. कंडक्टरची लेक आणि ती एका वर्गात होत्या, एका बाकावर बसून दहावी झालेल्या. मैत्रिणीच्या भुवईवरच्या खुणेला ती कितीदा हसली होती.

मी घरभरणीला गेलो होतो. मुलीच्या घरी दुसऱ्या मजल्यावर बुद्धवंदना होती, तळमजल्यावर कंडक्टरकडे सत्यनारायण. दोन्हीकडे जेवावं लागलं. मुलीच्या घरातली माणसं खाली वाढायला, खालची वर पाणी द्यायला. शिकवणीतली मुलं जिन्यावरून वरखाली पळत होती. कंडक्टरच्या लेकीनं आपल्याला फिट येते हे शिकवणीच्या मुलांच्या आयांना नंतर स्वतःच सांगितलं, हळूहळू, एकेकीला. दोघीतिघींनी मुलं काढून घेतली. बाकीच्यांनी नाही.

खात्यात मी माणसं ओळखायला शिकलो असा मला थोडा अभिमान होता. या प्रकरणानं तो जागेवर आणून ठेवला. आपल्याला माणसाचं तेवढंच दुःख दिसतं जेवढं तो दाखवतो, किंवा जेवढं त्याला लपवता येत नाही. त्या मुलीच्या मनात काळं काही नव्हतं, तिची माया खरी होती. पण ती माया ओळखीच्या वाटेनं चालली, आणि ज्यांनी दार लावून घेतलं होतं ते घर तिच्या वाटेवर आलंच नाही. चिठ्ठी आंधळी असते हा तिचा दोष असं आपण समजतो. ज्याला आपली जखम चारचौघांत उघडी करायची नाही, त्याच्यासाठी तोच एक आधार असतो. म्हणून चिठ्ठी काढायची तर ती खरीच काढावी, कितीही चांगलं मन असलं तरी.

आणि खऱ्या चिठ्ठीनंही भागलं नाही, तर कारण न विचारणारा एखादा शेजारी लागतो. एवढंच मला त्या इमारतीनं शिकवलं. नोकरीच्या शेवटी का होईना, शिकायला मिळालं.